पाठीवरचे माहेर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुम्हारी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून इतिहासाविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास आपले ठाणे केले तेथपासून १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तेथपर्यंत, मराठी माणसे या छत्तीसगडात कशी येत राहिली, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज आम्ही उलट दिशेच्या वाटेविषयी बोलणार आहोत. येथून महाराष्ट्रात परत कसे जावे, कोणाबरोबर जावे आणि किती थोड्या पैशांत जावे, हा आमचा विषय आहे.

आपण महाराष्ट्रात जातो ते बहुधा दोनच कारणांनी. एक लग्नकार्य आणि दुसरे वाटणीचे कागद. दोन्ही प्रसंगी भावंडे भेटतात खरी. पण एके ठिकाणी मध्ये पंगत असते आणि दुसऱ्या ठिकाणी वकील. आईवडील आहेत तोवर हे जाणवत नाही. त्यांच्या मागे जाणवते, आणि भावापेक्षा बहिणीस अधिक जाणवते. आमची धाकटी बहीण जबलपूरला असते. मंडणगड तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर विकले गेले, त्या वर्षी ती म्हणाली, “दादा, आता माहेर म्हणून बोट दाखवायचे ते कुठे?” भावाचे घर हेच माहेर, असे म्हणण्याची रीत आहे; पण बदलीच्या नोकरीत भावाचे घर म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. त्याकडे बोट दाखवावे, तोवर ते हललेले असते.

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही भाऊ-बहीण बारा दिवसांसाठी बाहेर पडलो. पाठीवर एकेक हॅवरसॅक आणि दोघांत मिळून पंचवीस हजार रुपये, एवढाच संभार. शासकीय प्रवास-सवलतीच्या नियमांत ‘कुटुंब’ या शब्दाची काटेकोर व्याख्या दिलेली आहे आणि आपल्या संसारात असलेली विवाहित बहीण त्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा खर्च पदरचा होता आणि काटकसर अपरिहार्य होती. परंतु प्रवास जसजसा पुढे सरकला, तसतसे आम्हांस उमगत गेले की काटकसर ही या प्रवासातील अडचण नसून तोच त्याचा प्राण आहे.

आपल्या परंपरेत याचा फार मोठा दाखला आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडे आळंदीहून पैठणास आणि पुढे नेवाशास गेली, असे परंपरा सांगते. आईवडील राहिले नव्हते, गाठीला काही नव्हते, गावाने दार लावले होते. त्या थोरांशी आपली तुलना करण्याचा अधिकार आम्हांस नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, घर गेल्यावर भावंडांनी मिळून वाटेला लागावे, ही गोष्ट मराठी मनाला नवी नाही.

कुम्हारीच्या लहानशा स्थानकावर थांबणाऱ्या मेमूने आम्ही दुर्ग गाठले आणि तेथून गोंदिया. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जो लोहमार्ग जातो, तो झाडीपट्टीच्या अगदी पोटातून जातो. त्याच्या आसपासच नवेगाव आणि ताडोबा ही दोन राष्ट्रीय उद्याने आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोहळी समाजातील कोलू पाटलाने बांधविला, असे सांगतात. या भागातील कोहळी लोक तलाव बांधण्यात निष्णात होते. तलावांच्या छत्तीसगडात राहणाऱ्यास तेथे परकेपणा वाटतच नाही. मारुती चितमपल्ली यांनी याच अरण्यात दीर्घकाळ वनसेवा केली आणि येथील पक्षी व वृक्ष मराठी साहित्यात आणले. २०२५ च्या जूनमध्ये ते निवर्तले. बांधावर उभ्या राहून बहिणीने एकेका पक्ष्याचे नाव विचारावे आणि आम्हांस हिंदी नाव आठवावे, मराठी नाही, असे तेथे वारंवार घडले. शेवटी एका कोळ्याने, आपली होडी सारवता सारवता, आम्हांस ती नावे सांगितली. भाड्याच्या मोटारीत बसलो असतो, तर हा शिक्षक भेटला नसता.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या वेळी चांदा जिल्हा आणि आपला दुर्ग जिल्हा एकाच जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात ती सीमा आखली गेली. म्हणजे आज ज्या अरण्यास आपण ‘परराज्यातील’ म्हणतो, ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी एकाच राज्यातले रान होते. चंद्रपुराहून आम्ही एस. टी.ने मोहर्लीस गेलो. २०२३ च्या मार्चपासून महाराष्ट्रात एस. टी.मध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळू लागली होती, आणि ‘माझ्यामुळे अर्धा प्रवास फुकट झाला’ हे बहिणीने बारा दिवसांत किती वेळा ऐकविले, त्याची मोजदाद नाही. सबंध प्रवासात जबर खर्च एकच, तो जंगलातील उघड्या जीपचा. तो सहा जणांत वाटला. वाघ दिसला नाही. ताडोबाच्या तळ्यात मगर दिसली आणि तळ्याकाठी, ज्याच्या नावावरून अरण्यास नाव पडले, त्या आदिवासींच्या तारू देवाचे स्थान कोठे, ते वाटाड्या मुलीने सांगितले. वाघाशी झुंजताना तारू मारला गेला, अशी कथा आहे. त्या रात्री खोलीतील एकाच दिव्याखाली आम्ही दिवसाचा हिशेब लिहीत होतो, तेव्हा बहीण म्हणाली, “आईच्या वहीसारखी वही झाली आहे ही.” दूध, भाजी, रॉकेल असे रोजचे लिहिणारी ती वही आम्हां दोघांखेरीज आता जगात कोणास आठवत नाही. सख्खी भावंडे म्हणजे काय, हे त्या वाक्याने जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही भाऊबिजेने सांगितले नव्हते.

अरण्यातून समुद्राकडे जाण्यास महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. साध्या शयनयानाने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने माणगाव, एस. टी.ने हरिहरेश्वर, बागमांडल्याला सावित्रीची खाडी तरीने ओलांडून वेश्वी आणि मग वेळास, असा आमचा मार्ग होता. वेळास हे नाना फडणविसांच्या घराण्याचे गाव. आता ते समुद्री कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तेथे कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे गावकऱ्यांनी ते आपलेसे केले. पाहुण्यांस गावकरी आपल्याच घरी उतरवून घेतात. जेवण घरचे, अंथरूण जमिनीवर. आधारपत्रावर आमची आडनावे निराळी पाहून घरधनीण क्षणभर थबकली. भाऊ-बहीण आहोत, असे कळताच तिने बहिणीस माजघरात घेतले, आम्हांस ओटी दिली आणि सकाळी बहिणीच्या ओंजळीत अबोलीचा गजरा ठेवला. एका परक्या बाईने एका रात्रीपुरते माहेर दिले होते.

किनाऱ्यावर कासवीण एका घरट्यात शंभरावर अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात तेव्हा ती हातभर खोल वाळूखाली असतात. एकट्या पिलास ही वाळू उपसून वर येणे फार कठीण. सारी भावंडे एकदम हातपाय मारतात, वरची वाळू खाली ढासळते आणि त्याच वाळूवर पाय रोवून सारी थोडी थोडी वर सरकतात. समुद्रात शिरल्यावर मात्र प्रत्येकाची वाट वेगळी होते. माद्या मोठ्या झाल्यावर साधारणतः आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे अंडी घालण्यास येतात, असे शास्त्रज्ञ सांगतात.

आम्ही परतल्यानंतर एक बातमी आली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिला क्रमांकाची पट्टी लावली होती, अशी एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. दक्षिणेला वळसा घालून ती कोकणात आली होती. म्हणजे एकच कासवीण पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या, दोन्ही किनाऱ्यांची असू शकते. आता आपल्या गावाकडे पाहा. कुम्हारीजवळून वाहणारी खारून शिवनाथेस मिळते, शिवनाथ महानदीस, आणि महानदी ओडिशात समुद्रास. खारूनचे पाणी ज्या समुद्रात जाते, त्याच समुद्रातून ती कासवीण कोकणास गेली. दोन किनाऱ्यांचे असणे म्हणजे कोठलेच नसणे नव्हे, एवढे तिच्याकडून आपण शिकावे.

परतताना एस. टी. मंडणगडावरून गेली. आमच्या गावाचा फाटा आला, तेव्हा बहीण खिडकीशी होती. आम्ही उतरलो नाही. तिने फाट्याकडे पाहिले, हिशेबाची वही उघडली आणि तिकिटाची रक्कम मांडली.

म्हणून, श्रोतेहो, आमची विनंती साधी आहे. गुडघे साथ देतात तोवर, भावाने बहिणीस किंवा भावास, एकदा पत्र नव्हे तर फोन करून विचारावे की, येतोस का, येतेस का. दहा-बारा दिवस काढावे. रक्कम आधी ठरवावी आणि ती थोडी ठेवावी. कारण पैसा अधिक असला की दोन खोल्या घेता येतात, दोन मोटारी करता येतात आणि बोलणे राहून जाते. मार्चमध्ये निघालात तर रानातील पानगळ आणि किनाऱ्यावरील पिले, दोन्ही सापडतात. वाटणीचे कागद बरोबर नेऊ नयेत. मंडळाने वाटेवरील स्वस्त मुक्कामांची एक वही कार्यालयात ठेवावी. तिची पहिली काही पाने भरून देण्यास आम्ही तयार आहोत.