हजर, हुजूर, हजेरी



वसंत व्याख्यानमालेत पंडितांनी शब्दांवर बोलावे आणि आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याने पगारवाढीवर, अशी रीत आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत अधिक झाले. तरी आज आम्ही एका शब्दावरच बोलणार आहोत, कारण मजुराची भाकरी त्या शब्दावर अवलंबून असते. तो शब्द म्हणजे हजेरी.

अरबी भाषेतील बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजने असतात. ती खांबांसारखी जागच्या जागी राहतात. मधले स्वर पालटले, मागेपुढे एखादे अक्षर जोडले, की नवा शब्द उभा राहतो. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. त्याच्या जुन्या नावातला अहमद घ्या. अहमद, महंमद, महमूद, हमीद या चारही नावांत ह, म, द हीच अक्षरे आहेत, आणि चारही नावे स्तुती या अर्थाच्या एकाच धातूपासून निघाली आहेत.

हजेरीचेही तसेच. ह, ज, र ही तिची तीन अक्षरे. यातल्या ‘ज’चा मूळ अरबी उच्चार जड ‘द’च्या जवळचा आहे, फारशीत तो मऊ झाला आणि सुलतानी दफ्तरांच्या वाटेने मराठीत येताना ‘ज’ ठरला. ‘हजार’ आणि ‘हाजी’ हे दिसायला याच घरातले, पण नाते नाही. हजार हा फारशी, आणि हाजी दुसऱ्या अरबी धातूचा.

या धातूचा मूळ अर्थ समोर असणे. समोर असेल तो हजर, नसेल तो गैरहजर. ज्याच्या जिभेवर उत्तर हजर तो हजरजबाबी. पण ज्याच्यासमोर आपण हात जोडून जातो तो हुजूर, आणि त्या हुजुरापुढे तिष्ठणारा तो हुजऱ्या. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पुण्यातली पागा ती हुजूरपागा. १८८४ साली निघालेली मुलींची शाळा पुढे त्या जागेत आली, घोडे गेले आणि नाव मुलींचे झाले. खुद्द अरबीत या धातूला आणखी फांद्या आहेत. रानोमाळ फिरणारा तो बदू, आणि वस्ती करून राहणारा तो ‘हदर’. त्यावरून संस्कृतीला अरबीत ‘हदारा’ म्हणतात. आणि आम्ही आत्ता जे करीत आहोत त्या व्याख्यानाला ‘मुहादरा’!

आता आमच्या धंद्याचा प्रश्न विचारतो. समोर असणे खरे; पण कोणाच्या समोर? आणि ते लिहून कोण ठेवतो?

एक हजेरी अपमानाची होती. गुन्हेगार जमातींचा जो कायदा १८७१ साली सुरू झाला, त्याने माणसाला जन्मतःच संशयित ठरविले. पारध्यासारख्या जमातींच्या लोकांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असा तो जाच. हा कायदा १९५२ साली रद्द झाला.

दुसरी हजेरी भाकरीची. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, बंधारे घातले, सुकडी खाल्ली. त्या कामांवर हजेरीपट असे. ज्याचे नाव पटावर त्याला मजुरी. नाव नसेल तर दिवसभर उपसलेली माती फुकट. याच कामांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

तिसरा शब्द आज विसरला गेला आहे. तो महजर. मराठेशाहीत वतनाचा तंटा पडला की गोत जमे, साक्षीपुरावे होत, आणि निवाडा सर्वांच्या हजेरीत लिहिला जाई. तोच महजर. ज्याला अक्षर येत नसे तो निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर, आणि बलुतेदाराची त्याच्या धंद्याचे अवजार. जातीची उतरंड त्या सभेतही होतीच, तिचे गोडवे आम्ही गात नाही. पण कागदावरचे अवजार ही एका माणसाची सही होती.

आता आपल्या पाथर्डी तालुक्याकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’. मजुरी टनावर, म्हणून हजेरीपट नाही. पहाटे थंडीत मोळ्या वाहणाऱ्या बाईचे नाव हिशेबात शोधू जाल तर सापडणे कठीण. पूर्वी अवजार माणसाची सही होते. आज अवजाराखाली दोन माणसे बुजली आहेत. इकडे गावात २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ती दोघे गैरहजर, आणि बरोबर नेलेले लेकरू शाळेच्या पटावर गैरहजर. थळात हजेरी नाही आणि गावात गैरहजेरी. मग ही माणसे आहेत तरी कुठे?

‘हाजिर तो वजीर’ अशी म्हण आपण थाटात सांगतो. सहा महिने ज्याला पोटासाठी गाव सोडावे लागते त्याला ती लागू करणे हा अन्याय आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. टोळ्या हलण्यापूर्वी गावाने एक दिवस ठरवून चावडीवर महजर करावा. कोण जातो, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, मुले कोणती, ते सर्वांसमोर लिहावे. प्रत्येक कोयत्यामागे दोन नावे लिहावी, बाईचे स्वतंत्र ओळीवर, आणि खाली तिची सही. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक मजुराच्या हाती. हिशेबाच्या दिवशी वाद पडला, आजारपण किंवा अपघात ओढवला, तर तोंडी शब्दाऐवजी गावाचा कागद पुढे करता येईल. जी मुले गावात राहतील त्यांची हंगामी वसतिगृहाची सोयही त्याच बैठकीत लावावी.

हुजूर पुष्कळ झाले. आता हजेरी मजुराच्या नावाने लागू द्या.