दारात शिपाई, घरात माणूस

आजचा प्रश्न: ख्रिस्ती विचारात एखादी गोष्ट चूक का ठरते? देवाने नको म्हटलं म्हणून, की ती मुळातच चूक आहे म्हणून देवाने नको म्हटलं? पहिलं धरलं, तर उद्या देवाने खोटं बोलायला सांगितलं की खोटं चांगलं! दुसरं धरलं, तर नीती देवाच्याही वर जाऊन बसते. दोन्हीकडून पंचाईत.

एकच केस घेऊया. खोटं बोलणं.

सन ३९५ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन यांनी खोटेपणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांच्याच गावच्या, थागास्तेच्या, फिर्मस नावाच्या बिशपची गोष्ट आहे. बिशपनी एका माणसाला लपवलं होतं. बादशहाची माणसं शोधत आली. फिर्मस म्हणाले, मी खोटं बोलणार नाही, आणि त्याचा ठावठिकाणाही सांगणार नाही. त्यांचे हाल हाल केले, तरी हूं की चूं नाही. शेवटी बादशहापुढे नेलं, तर त्यानेच चकित होऊन त्या माणसाला माफी दिली.

हा हट्ट कशासाठी? ऑगस्टीन यांच्या लेखी देव स्वतःच सत्य आहे. मग खोटं हे देवाच्या स्वभावाविरुद्धच जातं, आणि देव स्वतःविरुद्ध आज्ञा देणार कशी? आपली सुरुवातीची पंचाईत इथे बरीच सुटते. नीती देवाच्या लहरीतून येत नाही, देवाच्या डोक्यावरही बसत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी कारण बोलण्यातच शोधलं: शब्द मनातलं सांगायलाच असतात. कुणाचा जीव वाचवायला बोललेलं खोटं त्यांनी हलकं पाप मानलं. पण पापच हं.

आता थेट जर्मनी. पास्टर डिट्रिश बोनहोफर हिटलरविरोधी कटात होते. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. चौकशी चालू, आणि तुरुंगात ते निबंध लिहितायत, 'खरं बोलणं म्हणजे काय' यावर! त्यात एक शाळकरी पोरगा आहे. मास्तर भर वर्गात विचारतात, तुझे वडील पिऊन घरी येतात, खरं का? खरंच असतं. पोरगा नाही म्हणतो. बोनहोफर म्हणतात, हे खोटंच, पण घराची अब्रू राखणाऱ्या त्या खोट्यात जास्त सत्य आहे. मास्तरांना तो प्रश्न विचारायचा हक्कच नव्हता.

आम्हा कोडवाल्यांना नियम म्हटला की अपवादांची यादी लागते. बोनहोफर यादी देत नाहीत. कोण विचारतंय, कुठल्या नात्याने, हे दर वेळी देवासमोर उभं राहून तुम्हीच ठरवायचं. मला हे पटतं, आणि याची भीतीही वाटते, कारण स्वतःच्या सोयीचं खोटं याच दारातून आत शिरतं. फिर्मसना ही पळवाट नको होती. पण त्यांच्या बादशहाला दया आली. बोनहोफरना ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिलं.

बायबलमधल्या राहाबने तर हेरांना छपरावर लपवून चक्क थाप मारली होती. तिचं काय करायचं, ते पुढच्या भागात बघू.