बांधकामाचे आयुष्य आणि आपले अंदाजपत्रक

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



महाडजवळ सावित्री नदीवरील दगडी कमानींचा पूल १९२८ साली बांधलेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो महापुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या पुलाचे वय होते ८८ वर्षे. याउलट पणजीस मांडवीवर १९७० च्या सुमारास उभारलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी, म्हणजे अवघ्या सोळा वर्षांत पडला आणि लोकांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला.

मांडवीच्या पुलास काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या तुळईस आतील ताणलेल्या पोलादी तारा बळ देतात. खाडीच्या दमट हवेतील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरले की पोलादावरील संरक्षक थर नष्ट होतो व गंज धरतो. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे साध्या सळईच्या बांधकामास तडे जातात, पोपडे सुटतात. निदान डोळ्यांना दिसते तरी. ताणलेली तार मात्र आतल्या आत तुटू शकते. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडीवरील पहिल्या पुलाच्या तारांनाही याच गंजाने ग्रासले होते.

आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने परिस्थितीनुसार पाच वर्ग पाडले आहेत. सौम्य परिस्थितीत सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण पुरते. किनारपट्टीच्या उघड्या हवेत ४५, तर खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात तेथे ५० मिलिमीटर लागते. एवढ्या थोड्या फरकाने इमारतीचे आयुष्य कितीतरी वर्षांनी वाढते. मात्र गवंड्याने सळईखाली ठोकळेच ठेवले नाहीत, किंवा ओतकामावर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तर नकाशावरील आकडा नकाशावरच राहतो.

डी सिटर या डच अभियंत्याने १९८४ मध्ये एक ठोकताळा मांडला. आराखडा व बांधकामाच्या वेळी जे काम एका रुपयात होते, ते देखभालीच्या टप्प्यावर पाच, दुरुस्तीच्या वेळी पंचवीस आणि पुनर्बांधणीत सव्वाशे रुपयांना पडते. हा ठोकताळाच आहे, गणित नव्हे. पण निविदा उघडताना आपण केवळ त्या पहिल्या रुपयाकडे पाहतो, हे खरे ना?

गावाच्या उंच जलकुंभाचेच उदाहरण घ्या. प्रस्तावात क्षमता असते, खर्च असतो, उद्घाटनाची तारीखही असते (ती मात्र कधी चुकत नाही!). आतील भिंत तपासावयास माणूस उतरेल अशी शिडी आहे काय? टाकी रिकामी ठेवावयाची तेव्हा गावास पाणी कोठून मिळेल? दुरुस्तीसाठी दरवर्षी किती रक्कम बाजूस काढावयाची? पुढे टाकी पाडावी लागली, तर तिच्याभोवती शाळा वा घरे येणार नाहीत एवढी जागा आजच राखली आहे काय? या प्रश्नांसाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. पुढील ग्रामसभेत जलकुंभाचा वा पुलाचा ठराव येईल, तेव्हा मंजुरीपूर्वी ते विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.