घरचा पाठ अडखळतो तेव्हा
(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



आजचा माझा विषय वरवर पाहता शाळेबाहेरचा आहे. घरच्या इंटरनेटवर व्हिडिओ अडखळू लागला तर काय करावे, हे सांगणे तंत्रज्ञाचे काम, शिक्षकाचे नव्हे, असे कोणासही वाटेल. मलाही तसेच वाटत असे. परंतु २०२० साली शाळांची दारे बंद झाली आणि आपला वर्ग मुलांच्या घरोघरी जाऊन बसला. त्या दिवसांतील एका चुकीची कबुली आपल्यापुढे द्यावी, म्हणून मी उभा आहे.

माझ्या चौथीच्या वर्गातील एक मुलगी प्रश्न विचारला असता गप्प राही, किंवा मागच्याच प्रश्नाचे उत्तर देई. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ असे लिहिले. पुढे निर्बंध सैल झाल्यावर तिच्या घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. राउटर पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला. मुलगी दोन भिंतींपलीकडे, स्वयंपाकघरात बसे. कारण पुढच्या खोलीत त्याच वेळी थोरल्या भावाचा वर्ग चाले. माझा अर्धा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचे, मग चित्र गोठे, आणि पडद्यावर वर्तुळ फिरत राही. वडिलांनी बिचाऱ्यांनी ऐपत नसता अधिक दराची योजना घेतली होती. तिचाही उपयोग झाला नव्हता. कारण दोष तेथे नव्हताच.

गणित चुकले असता आपण मुलाला सगळे पुसून टाकावयास सांगत नाही. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधावयास सांगतो. येथेही तोच मार्ग आहे. प्रथम चालते कसे, ते पाहू.

व्हिडिओ एकसंध येत नाही. काही सेकंदांचे लहान लहान तुकडे पाठविले जातात आणि आपला फोन पुढचे काही तुकडे आधीच साठवून ठेवतो. नळाखाली हंडा ठेवावा व आपण त्यातून तांब्याने पाणी घेत राहावे, तसे हे आहे. नळाची धार क्षणभर बारीक झाली तरी हंड्यात पाणी असते, म्हणून काम अडत नाही. उपसा धारेहून अधिक झाला, की हंडा रिकामा होतो व चित्र थांबते. थेट वर्गात मात्र हा हंडा फारच लहान असतो. शिक्षकाचे बोलणे त्याच क्षणी पोहोचवावयाचे, मग साठा कोठून करणार? म्हणूनच ज्या घरी ध्वनिमुद्रित पाठ सुरळीत चालतो, त्याच घरी थेट वर्ग अडखळू शकतो.

आता उपशाचे मान पाहा. ४८० रेषांच्या साध्या चित्राला सेकंदाला सुमारे १.१ मेगाबिट, ७२० रेषांना सुमारे २.५, आणि १०८० रेषांच्या सुस्पष्ट चित्राला सुमारे ५ मेगाबिट गती पुरते. फळ्यावरील अक्षरे वाचावयास बहुधा ४८० रेषा पुष्कळ होतात. म्हणून व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा उतरविणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय. त्याने डेटाही वाचतो: ५ मेगाबिट गतीने तासाला सुमारे सव्वादोन गिगाबाइट खर्च होतात, तर १.१ गतीने जेमतेम अर्धा.

तेवढ्याने भागले नाही, तर पुढील क्रमाने तपास करावा, आणि एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिली गोष्ट, एकच व्हिडिओ अडतो की सगळेच? एकच अडत असेल तर दोष बहुधा पाठविणाऱ्याकडे आहे, थोडे थांबावे.

दुसरी, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. घरातील इतर फोन बंद ठेवून राउटरच्या अगदी शेजारी, शक्य तर तारेने संगणक जोडून, गती मोजावी. एकदा सकाळी व एकदा रात्री मोजावी. कारण रात्री सारा मोहल्ला एकाच वाहिनीवर असतो. शेजारीच गती कमी भरली तर दोष घराबाहेरचा. योजनेची डेटामर्यादा संपल्याने गती उतरली नाही ना, ते पाहावे, आणि मग तारीख, वेळ व आकडे लिहून तक्रार नोंदवावी. नुसते ‘नेट चालत नाही’ म्हणण्यापेक्षा आकड्यांची तक्रार अधिक ऐकली जाते.

चौथी, राउटरशेजारी गती चांगली व दूरच्या खोलीत वाईट असेल तर दोष वाय-फायचा. जाड भिंती, लोखंड, आरसा व पाण्याची टाकी या लहरी अडवितात. राउटर घराच्या मध्यावर, उंच व उघड्या जागी ठेवावा. त्यात दोन पट्टे असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा दूरवर पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत व मायक्रोवेव्ह शेगडीच्या सान्निध्यात बिघडतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे दुबळा.

पाचवी, घरातील दुसरा कोणी उपसा करीत आहे काय? खिशातला फोन कोणास न कळत छायाचित्रे वर चढवीत असतो.

शेवटी, त्याच जागी दुसऱ्या फोनवर तोच पाठ लावून पाहावा. तेथे तो नीट चालला, तर दोष जुन्या फोनचा.

त्या घरी आम्ही राउटर मधल्या दाराच्या चौकटीवरील फळीवर ठेवला. एवढाच उपाय. मुलीचा वर्ग चालू लागला आणि पुढच्या महिन्यात वडील जुन्या योजनेवर परतले.

ज्या घरी जोडणीच दुर्बळ आहे, तेथे ‘दीक्षा’वरील पाठ आधी उतरवून घ्यावा, तो मग इंटरनेटवाचून पाहता येतो.

बंधुभगिनींनो, मी वहीतील तो शेरा खोडला; परंतु दोन महिने त्या मुलीला मी लक्ष नसलेली समजत होतो, ते खोडता येत नाही. पुन्हा कधी पडद्यापलीकडचे मूल गप्प राहिले, तर त्याच्या लक्षाविषयी लिहिण्यापूर्वी एवढेच विचारा: “बाळ, माझा प्रश्न तुला पुरता ऐकू आला का?”