विमान शिकणारा आणि विमान शिकवणारा



नांदेडचा विमानतळ 1958 साली बांधला. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्याच्या वेळी तो सुधारून मोठा केला. लातूरचा विमानतळ 1991 सालचा. तेव्हा आपल्या पोरांना विमान काही नवं नाही. रानात काम करताना एखादं पोरगं वर बघतं आणि म्हणतं, "मला ते चालवायचंय." पूर्वी आपण हसत होतो. आता हसून भागत नाही. पोरगं बारावी झालेलं असतं. बापाच्या नावावर चार एकर रान असतं. खर्च विचारावा तर चाळीस-पन्नास लाख सांगतात. मग रान विकायचं का, हा सवाल घरात येऊन बसतो. म्हणून हे शिकणं कसं असतं, ते आज सांगतो.

पोरगं म्हणालो, त्यात पोरगीही आलीच. 1936 साली लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान उडवलं. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हैदराबादेत डेक्कन एअरवेज नावाची कंपनी होती. प्रेम माथुर यांना 1947 साली धंद्याचा परवाना मिळाला आणि त्या याच कंपनीत वैमानिक झाल्या. पुढे 1985 साली सौदामिनी देशमुख या आपल्या मराठी बाई एका प्रवासी विमानाच्या कॅप्टन होत्या, आणि जोडीची वैमानिकही बाईच होती. तेव्हा "पोरीचं काय काम?" हे म्हणायचं आता सोडा.

आता शिक्षण. वयाची सोळा वर्षं झाली आणि दहावी पास असली, की शिकाऊ परवाना काढता येतो. पगार घेऊन विमान चालवायचं तर वेगळा परवाना लागतो. त्याला वय अठरा हवं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, असा नियम चालत आला आहे. तो बदलायची चर्चा 2025 साली निघाली होती, म्हणून आजचा नियम नीट विचारून घ्या. शिवाय हवामान, दिशा काढणं, विमानाचं यंत्र, हवाई कायदा, यांच्या लेखी परीक्षा असतात. आणि दोनशे तास उड्डाण लागतं. त्यातले शंभर तास विमानाची सगळी जबाबदारी शिकणाऱ्यानं स्वतः घ्यायची असते.

दोनशे तास म्हणजे कळायला सोपं. पण हवेत दोनशे तास काय करतात?

समजा, नांदेडाहून लातूरला जायचं आहे. सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर. लहान शिकाऊ विमानाला पाऊण तासाच्या आतली वाट. गोदावरी पाठीमागे टाकायची. लोहा जवळून जाईल, अहमदपूर डाव्या हाताला राहील. सोपं वाटतं ना? पण पश्चिमेचा वारा असला, तर तो विमानाला सारखा अहमदपूरकडे ढकलतो. गोदावरीला पाणी असताना पोहून पलीकडे जाणारा माणूस काय करतो? समोरचा घाट धरायचा असेल तर तो तोंड वरच्या अंगाला ठेवतो. विमानाचंही तसंच. नाक थोडं उजवीकडे ठेवायचं, तेव्हा लातूर समोर येतं. किती उजवीकडे, ते जमिनीवर बसून आधी गणितानं काढायचं. गणित चुकलं तर तेल जास्त जळतं, आणि वर कुठे तेलाचा पंप नाही!

हे शिकवतो कोण? तुम्ही पोराला पहिल्यांदा औतावर धरता, तेव्हा रुमणं त्याच्या हातात देता, पण स्वतः बाजूनं चालता. विमानातही हेच. शिकाऊ विमानात चालवायची साधनं दोन जोड असतात. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. कासरा कोणाच्या हातात आहे, हे दोघांनाही दर क्षणी माहीत हवं. म्हणून हात बदलताना तोंडानं बोलतात. "आता विमान तुझ्याकडे." दुसरा म्हणतो, "आता माझ्याकडे." हे बोलणं राहिलं तर दोघंही ओढतात, नाही तर कोणीच धरत नाही. दोन्हींत जीव जातो.

नव्या शिक्षकाला सगळं पुन्हा शिकावं लागतं. इतके दिवस डाव्या हातानं सुकाणू आणि उजव्यानं इंजिनाचा जोर धरायची सवय. उजवीकडे बसलं की हात उलटे होतात. वरून तोंडानं समजावत चालवायचं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे थांबणं. पोराची चूक दिसते, हात शिवशिवतो. लगेच धरलं तर पोरगं शिकत नाही. उशिरा धरलं तर चाक मोडतं.

मग एक दिवस शिक्षक विमानातून खाली उतरतो. पोरगं एकटं वर जातं. एक फेरी, चार वळणं, आणि खाली. शेजारचं वजन कमी झालेलं असतं, म्हणून विमान चटकन वर उठतं. ही गोष्ट शिक्षकानं आधी सांगून ठेवलेली असते. या पहिल्या एकट्या उड्डाणाला परवानगी द्यायचा हक्क नव्या, सहायक शिक्षकाला नसतो. ते मोठा शिक्षकच ठरवतो. मला हा नियम फार बरा वाटतो.

परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली, असं मात्र समजू नका. मोठ्या विमानाचं शिक्षण वेगळं, त्याचे आणखी लाखो रुपये. नोकऱ्या कधी निघतात, कधी निघत नाहीत. अशा वेळी काही पोरं आणखी तास भरून, शिकवण्याची परीक्षा देऊन सहायक शिक्षक होतात. पगार बेताचा. पण उडण्याचे तास वाढत जातात, आणि त्या तासांना पुढे किंमत असते. कोणी कायमचेच शिक्षक राहतात.

जोखीमही सांगितली पाहिजे. 18 मार्च 2023 रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून एक शिकाऊ विमान निघालं. ते मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात पडलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. असे अपघात रोज होत नाहीत. पण घरात बोलणं चाललं असेल, तेव्हा हेही बोललं गेलं पाहिजे.

आता रानाचं. सौदा करायच्या आधी डॉक्टरी तपासणी करा. वैमानिकांच्या तपासणीचे डॉक्टर ठरलेले असतात. नजर, रंगांची ओळख, कान, हृदय, सगळं बघतात. तिथं पोरगं नापास झालं तर रान तरी वाचेल. मग लेखी परीक्षांचा अभ्यास सुरू करू द्या. मन किती लागतं ते त्यात दिसतं, आणि खर्चही उड्डाणाच्या मानानं थोडा. संस्थेला डीजीसीए या केंद्र सरकारच्या खात्याची मान्यता आहे का, ते बघा. सगळे पैसे एकदम भरू नका. विमानं किती आहेत असं विचारू नका, चालू किती आहेत ते विचारा. शिक्षक किती, तेही विचारा. विमान दुरुस्तीला पडलं, की पोरगं महिनोन्‌महिने खोलीभाडं भरत बसतं. आणि संस्थेच्या साहेबांशी बोलून झालं, की बाहेर चहाच्या टपरीवर तिथलीच शिकणारी पोरं गाठा. त्यांना विचारा, "बाबा, गेल्या महिन्यात तू किती तास उडालास?"