प्रश्न मुलाचाच राहू द्या

धानाच्या बांधीत महिनोन्महिने पाणी उभं असतं, मग मुळं सडत का नाहीत? आपल्या भंडाऱ्यातलं मूल रोवणीच्या दिवसांत हे विचारतं आणि आपण म्हणतो, "धान असाच असते, गप बस."

खरं उत्तर फार सुंदर आहे. धानाच्या पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. ऑक्सिजन त्यांतून खाली पोचतो. तुरीची अशी सोय नाही, म्हणून ती धुऱ्यावर लावतात.

१९८८ साली पुण्यात आयुका उभी करणारे जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. आणि ते येई. मी सॉफ्टवेअरवाला, फोन सेकंदात उत्तर देतो हे मला ठाऊक आहे. पण "हे अजून कोणालाच नीट कळलेलं नाही" असं तो क्वचितच म्हणतो. जाणता माणूस म्हणतो, वर उलट विचारतो: मूळ कापून पाहिलंस का?

तेव्हा धानाचा प्रश्न साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राला पाठवा, ताऱ्यांचा आयुकाला. मुलीनं उर्दूत लिहिलं तर खाली मराठी करून द्या, पण प्रश्न 'सुधारू' नका. "मुळं सडत का नाहीत"चं "भातपिकाच्या मुळांचे कार्य लिहा" झालं, की तज्ज्ञही परीक्षेचंच उत्तर देतो. पत्ता शाळेचा घाला. महिनाभरात उत्तर नाही आलं, तर दुसरं कार्ड टाका.