गाडी मिसिंग करते तेव्हा: एका वेळी एकच बदल



मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. मी इंदुरात एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. आज जे सांगणार आहे ते मला एका जुन्या मारुती ८०० ने शिकवलं, आणि ती शिकवणी बरीच महाग पडली.

गाडी बाबांची. कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही जळगावहून मामाकडून परत येत होतो. बऱ्हाणपूर, खंडवा झालं, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, बडवाह मागे पडलं. तोवर गाडी छान चालली होती. भेरूघाट चढायला लागलो आणि ती झटके द्यायला लागली. पेडल दाबावं तर आणखी झटके. दुसरा गिअर, मग पहिला. मागे ट्रकांची रांग, मागच्या सीटवर आई, आणि एका वळणावर गाडी बंदच पडली. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून मी आज तुमच्यासमोर बोलतो आहे. तेव्हा "जुनी गाडी आहे, थोडी मिसिंग करते, चालायचंच" असं कोणी म्हणालं की मला तो घाट आठवतो.

गंमत म्हणजे कडेला घेऊन पुन्हा सुरू केली तर उभ्या जागी इंजिन शांत. रेंगाळत घरी पोचलो.

पुढच्या रविवारी मी कामाला लागलो. तिन्ही प्लग नवे. पेट्रोल फिल्टर नवा. कार्बोरेटर उघडून जेट साफ. सगळं एका दिवसात, साडेचार हजार खर्चून. संध्याकाळी एक चक्कर मारली, गाडी ठीक वाटली. दोन दिवसांनी पाऊस झाला आणि सकाळी गाडी उभ्या जागीच थरथरायला लागली. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "सर, इंजन बैठ गया है. खोलना पडेगा." खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळपास जाणारा. मी भंगारवाल्याला बोलावलं. तो गाडी बघून गेला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री नीट जेवलेही नाहीत.

मग मी ठरवलं, द्यायची तर द्यायची, पण बिघाड काय आहे ते कळल्यावरच. वर्गात मुलांना सांगतो तसं करायचं. अंदाज नाही, प्रयोग.

आता तो प्रयोग क्रमाने सांगतो. तुमची गाडी दुसरी असली तरी क्रम तोच राहील.

पहिली पायरी, लक्षण लिहून काढा. पाना हातात घेण्याआधी वही घ्या. मिसिंग कधी होतं? फक्त उभ्या जागी होत असेल आणि वेगात जात असेल, तर कुठेतरी जादा हवा आत ओढली जाते आहे का ते बघा. चिरलेली व्हॅक्यूम नळी किंवा कार्बोरेटरखालची गास्केट. आयडलचा जेट आणि टॅपेटही तपासा. फक्त चढावर होत असेल तर ठिणगी कमी पडते आहे किंवा पेट्रोल पुरत नाही. इंजिन गरम झाल्यावरच होत असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. पावसात, दमट हवेत होत असेल तर जवळजवळ नेहमी प्लगच्या वायरी किंवा डिस्ट्रीब्यूटरची कॅप.

चढावरच का, तेही समजून घ्या. पेडल दाबलं की सिलिंडरात जास्त हवा-पेट्रोल जातं, दाब वाढतो. जितका दाब जास्त, तितकं ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. सपाटीवर कशीबशी चालणारी कमजोर ठिणगी घाटात हार मानते.

दुसरी पायरी, ठोका ऐका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, उघड्या जागी. बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, तो धूर जीव घेतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरा. ठरावीक तालात एक ठोका चुकतो आहे? मग दोष एका सिलिंडरापुरता आहे. ताल नाही, कधीही चुकतो? मग सगळ्यांना लागणारी वस्तू तपासा: पेट्रोल, कॉइल, पॉइंट, रोटर.

तिसरी पायरी, आजारी सिलिंडर शोधा. इंजिन बंद करा. एका प्लगची कॅप काढा, त्या कॅपमध्ये एक जादा प्लग बसवा आणि तो इंजिनाच्या लोखंडाला पक्का टेकवून ठेवा. जवळपास पेट्रोलचा वास नाही ना, ते बघा. मग इंजिन सुरू करा. आवाज आणखी पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर रोगी तोच. चालू इंजिनावर वायरीला हात लावू नका. हजारो व्होल्ट असतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी तर हे करूच नये. आणि ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथे ही रीत वापरू नका, न जळलेलं पेट्रोल जाऊन तो खराब होतो. तिथे स्कॅनर लावा. ओबीडी असलेल्या गाडीत पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या.

आमचा रोगी निघाला मधला सिलिंडर.

चौथी पायरी, अदलाबदल. नवं काही विकत आणू नका. मधला प्लग काढून पहिल्यात घाला, पहिल्याचा मधल्यात. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर प्लग निर्दोष. प्लग हातात आहेच तर त्याचा रंगही बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही.

आमचा मधला प्लग नवाकोरा आणि ओला. जागा बदलली तरी दोष मधल्यातच राहिला. मग मल्टिमीटरने वायर तपासली. बाकीच्या दोघींसारखीच, काही हजार ओहम. म्हणजे वायरही ठीक? मी इथेच फसणार होतो.

त्या रात्री बाबा म्हणाले, "अरे, बॉनेट उघड आणि अंगणातला दिवा घालव." मी दिवा घालवला. गाडी सुरू केली, झाडांना मारायच्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचा हलका शिडकावा केला. मधल्या वायरीतून शेजारच्या लोखंडी पट्टीवर निळ्या ठिणग्या उडत होत्या. टक टक टक. प्लगपर्यंत जायची वीज वाटेतच उतरत होती. मल्टिमीटर फक्त आतली तार बघतो. वरचं रबर फाटलंय, हे त्याला कळत नाही.

रबर का फाटलं? वायर जागेवर धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती. ती त्या रविवारी मीच तोडली होती. कॅपला धरून ओढायचं सोडून मी वायरीला धरून ओढलं, क्लिप गेली, आणि वायर पट्टीवर घासत राहिली.

मग घाटात काय झालं होतं? जुने प्लग मी डब्यात ठेवले होते. फीलर गेजने मोजले. गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी, तिथे १.२ होती. वायरींचा नवा संच घातला आणि मुद्दाम ते जुने प्लग लावून पुलाच्या चढावर नेली. तेच झटके. नवे प्लग लावले, झटके गेले. म्हणजे पहिला दोष मी त्या रविवारीच बरोबर दूर केला होता, आणि त्याच दिवशी दुसरा आत घातला होता. लक्षण बदललं होतं. आधी चढावर, नंतर दमट सकाळी. वही नव्हती, म्हणून ते दिसलं नाही. एकदम पाच गोष्टी बदलल्या, म्हणून काय सुधारलं आणि काय बिघडलं, याचा पत्ताच नव्हता. फक्त प्लग बदलून चार दिवस चालवली असती तर?

शेवटी, इंजिन खरंच कधी खोलायचं? प्लग, वायर, पेट्रोल सगळं ठीक असूनही एक सिलिंडर मेलेला असेल तर आधी टॅपेट तपासा, मग कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात. नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर हेड गास्केट. एवढं कागदावर आल्याशिवाय इंजिन खोलायला हो म्हणू नका.

आणि मिसिंग करणारी गाडी तशीच पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदला. जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही एकदा बघून घ्या. आता पंपावर मिळणारं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि त्या नळ्या बनल्या तेव्हा कोणी त्याचा विचार केलेला नव्हता.

वायरींचा संच आणि क्लिप मिळून मला जेवढे पैसे लागले, त्यापेक्षा जास्त मी त्या रविवारी कार्बोरेटरवर घातले होते. भंगारवाल्याला फोन करून नको म्हटलं. मेकॅनिकला वायर नेऊन दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून घेतली. आता नव्या पोरांना दाखवतो म्हणे.

दिवाळीत पुन्हा मामाकडे गेलो. येताना भेरूघाटात बाबा म्हणाले, "आता मी चालवतो." मी काही न बोलता किल्ली दिली.